मदत हवी आहे: रोम 1:18 मधला क्रोध आणि 2:5 मधला ‘क्रोधाचा दिवस’ एकच का?

आमच्या मंडळीच्या बायबल अभ्यासात येत्या रविवारी प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राचे (रोमकरांस पत्राचे) पहिले दोन अध्याय मला घ्यायचे आहेत. 1:18 मध्ये देवाचा क्रोध प्रकट ‘होतो’, म्हणजे आत्ता. मूळ ग्रीकमध्येही क्रियापद वर्तमानकाळीच आहे. पुढे 24, 26 आणि 28 या वचनांत देव माणसांना त्यांच्याच वासनांच्या स्वाधीन करतो. हा क्रोध मला विजेसारखा कोसळणारा वाटत नाही, हात सोडून देणारा वाटतो, आणि तेच जास्त भयंकर आहे. पण 2:5 मध्ये तोच क्रोध न्यायाच्या दिवसासाठी साठतो आहे.

दोन्हीकडे क्रोधासाठी ग्रीक शब्द ‘ऑर्गे’च आहे, हे पाहिलं. योहान 3:36 आणि थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र 1:10 ताडून पाहिलं. नव्या कराराचे अभ्यासक सी. एच. डॉड यांनी 1932 साली मांडलेलं मत, की क्रोध म्हणजे पापाचा आपोआप होणारा परिणाम, तेही वाचलं. पण त्यात देवाचं दुःख आणि पावित्र्य हरवतं, असं मला वाटतं.

ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दलचा वाद नको, वर्गात बऱ्याच वयस्क बहिणी आहेत.

आजचं हे ‘स्वाधीन करणं’ म्हणजे शेवटच्या न्यायाची सुरुवात म्हणायची, की पश्चात्तापासाठी अजून उघडं असलेलं दार? पौलाच्याच कुठल्या वचनावरून ते ठरवता येईल?