रतनवाडीत राहून भंडारदरा–अकोले परिसर पाहायचा आहे : सल्ला हवा

काठावरची: नमस्कार. ऑक्टोबरच्या अखेरीस आईबाबा आणि नऊ वर्षांचा मुलगा यांच्यासह अहिल्यानगर जिल्ह्यातील रतनवाडीत दोन-तीन मुक्काम करण्याचा विचार आहे. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे गड चढणे त्यांना जमणार नाही. धरण, धबधबा आणि छायाचित्रे एवढ्यावर सहल संपू नये, गावाची आणि आसपासच्या बाजारगावांची थोडी ओळख व्हावी, अशी इच्छा आहे. मुक्काम रतनवाडीतच करावा की शेंडीत? वाटेत काय पाहावे आणि काय निर्धास्तपणे सोडून द्यावे?

डोंगरवाट: वेळ चांगली निवडली आहे. पाऊस ओसरलेला असतो, हिरवळ टिकून असते आणि भाताची काढणी सुरू झालेली असते. शनिवार-रविवार मात्र टाळा.

प्रवराकाठ: मुक्काम रतनवाडीतच करा, असे मी आग्रहाने सांगेन. शेंडी हे धरणाच्या भिंतीजवळचे गाव असल्यामुळे तिथे सोयी अधिक आहेत. पण गर्दीही तिथेच असते आणि तिथून रतनवाडी वीसेक किलोमीटर आत आहे. रतनवाडीत घरगुती राहण्या-जेवणाची व्यवस्था होते. आधी दूरध्वनी करून किती माणसे जेवणार आहेत ते सांगावे, कारण ऐन वेळी चार पाने वाढवणे त्या घरांना सोपे नसते. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका आणि रोख पैसे राजूरला किंवा घोटीलाच काढून ठेवा.

गावातले अमृतेश्वराचे मंदिर सकाळी लवकर पाहावे. खांबांवरचे आणि बाहेरच्या भिंतींवरचे कोरीव काम तिरप्या उन्हात जसे उठून दिसते, तसे भर दुपारी दिसत नाही. बाबांना तेथवर चालणे अजिबात कठीण नाही. जवळची पुष्करणीही पाहावी. तिच्या भिंतींमध्ये मूर्तींसाठी कोनाडे केलेले आहेत. प्रवरेचा उगम मंदिरामागच्या रतनगडाच्या डोंगरात होतो आणि हेच पाणी पुढे 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणामागे, म्हणजेच भंडारदरा धरणामागे, अडते, हे मुलाला तिथेच उभे राहून दाखवता येईल.

एक दिवस जलाशयाला वळसा घालण्यासाठी ठेवा. रतनवाडीहून साम्रद, घाटघर, पांजरे, मुरशेत असे करत शेंडीला उतरता येते. घाटघरला कोकणकड्याच्या काठावर उभे राहिले की जमीन एकदम तुटते आणि खाली शहापूर तालुका दिसतो. तिथल्या 250 मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पात विजेची मागणी कमी असताना खालच्या तलावातील पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज तयार करतात. नऊ वर्षांच्या मुलाला हे कोणत्याही धबधब्यापेक्षा अधिक आवडेल, असा माझा अंदाज आहे. (कड्यावर मुलाचा हात मात्र सोडू नका, वारा जोरदार असतो.)

रंधा धबधब्याचा आणि धरणाखालच्या अंब्रेला फॉलचा जोर बराचसा धरणातून सोडलेल्या पाण्यावर ठरतो. त्यामुळे पाणी सुटले आहे का, याची शेंडीत चौकशी करूनच तिकडे जावे.

डोंगरवाट: साम्रदला जाणारच आहात, तर तिथली सांदण ही खडकांमधली अरुंद, खोल दरी का वगळता?

प्रवराकाठ: ऑक्टोबरमध्ये दरीत पाण्याचे डोह शिल्लक असतात आणि खडक निसरडे असतात. लहान मूल बरोबर असताना तोंडापाशी जाऊन परत फिरावे, याहून अधिक सल्ला मी देणार नाही. 1646 मीटर उंचीचे कळसूबाईही या वेळी पायथ्याच्या बारी गावातूनच पाहावे.

बियाणे_वेडा: गावे समजून घ्यायची असतील, तर अकोले तालुक्यातील कोंभाळणे वगळू नये. पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक तिथेच उभी केली. ते त्यांचे राहते गाव आहे, प्रदर्शनाचे दालन नव्हे, म्हणून आधी कळवून आणि परवानगी घेऊनच जावे. वाटेत डांगी जनावरे दिसली तर थोडे थांबा. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबूस ठिपके असलेल्या या जनावरांची कातडी तेलकट असते आणि त्यामुळे इथल्या धुवाधार पावसात भातखाचरात काम करणे त्यांना सोसते. राजूरला या जनावरांचे प्रदर्शनही भरते. त्याची तारीख गावात विचारावी.

काठावरची: सर्वांचे आभार. मुक्काम रतनवाडीतच ठरवते. आम्ही पुण्याहून येणार आहोत. येताना संगमनेर–अकोले–राजूर असा मार्ग घ्यावा का? आईला जुनी मंदिरे पाहण्याची विशेष आवड आहे.

प्रवराकाठ: तोच मार्ग घ्या. अकोल्यात सिद्धेश्वराचे मंदिर आहे. सवड असेल तर थोडी वाट वाकडी करून टाहाकारीचे जगदंबेचे मंदिर पाहा. बाहेरच्या भिंतींवरील सुरसुंदरींची, म्हणजे अप्सरांसारख्या स्त्रियांची, शिल्पे पाहण्यासाठी आईंना एक तास तरी द्या, कारण माझ्या मते संपूर्ण तालुक्यात त्या तोडीचे शिल्पकाम दुसरे नाही. फक्त राजूरच्या पुढचा घाटरस्ता अंधार पडण्याआधी पार होईल, अशा बेताने पुण्याहून निघा.