नागरिकत्व सोडले, सुटले की काढून घेतले?

शब्दवेडी: आयव्हरी कोस्टच्या तिजान तियाम यांच्यावर टिपण लिहितेय. मूळचे इंजिनिअर. पॅरिसच्या एकोल पोलिटेक्निकची प्रवेशपरीक्षा पार करणारे त्यांच्या देशाचे पहिले विद्यार्थी. पुढे मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी, मग मायदेशी परतून १९९८ मध्ये नियोजनमंत्री. १९९९ च्या नाताळात लष्कराने सत्ता उलथवली. हे परत युरोपात. २००९ मध्ये ब्रिटनच्या प्रुडेन्शियल या विमा कंपनीचे प्रमुख, नंतर क्रेडी स्विस या स्विस बँकेचे. २०२३ अखेर पीडीसीआय या पक्षाचे अध्यक्ष.

इथवर लेखणी धावली. अडली ती एप्रिल २०२५ मधल्या तिथल्या आबिजान शहरातल्या कोर्टापाशी. १९८७ मध्ये तुम्ही फ्रेंच नागरिक झालात तेव्हाच इथलं नागरिकत्व गेलं, सबब मतदारयादीतून नाव काढा, असा निकाल. मी 'रद्द झाले' लिहिलं, खोडलं. 'सोडले' लिहिलं, तेही खोडलं. सुचवा.

कायदेकानून: 'रद्द' नकोच. रद्द करायला कुणीतरी सहीशिक्का मारावा लागतो. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात बघा: कलम ८ त्यागाचं, कलम १० सरकारने काढून घेण्याचं. मधलं ९ म्हणजे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं आपोआप जातं. तिकडच्या नागरिकत्व कायद्याचं कलम ४८ या आपल्या नवव्याच्या भावकीतलं. 'संपुष्टात आले' लिहा.

शब्दवेडी: विम्याची पॉलिसी वाटते हो.

उंटावरचा शहाणा: 'सुटले' का नाही? नोकरी सोडली म्हणताना छाती पुढे असते, सुटली म्हणताना आवाज खाली जातो. आजी 'माहेर सुटलं' म्हणायची. माहेर 'सोडलं' म्हणणारी बाई मी पाहिली नाही. सुटण्यात कर्ता नसतो आणि कळतंही उशिरा. इथे तर ३८ वर्षांनी! म्हणजे मधे मंत्री झाले तेव्हाही ते कोर्टाच्या हिशेबी परकेच.

टोरांटोकर: आमच्याकडे सगळे 'पासपोर्ट सरेंडर केला' म्हणतात. मीही रांगेत उभा राहून केला. पण नववं कलम वाचल्यावर लक्षात आलं, कॅनडाची शपथ घेतली त्याच दिवशी सुटलं होतं. रांग नुसती कागदासाठी. 'सुटले'ला माझं मत.

कायदेकानून: शब्द चांगला, पण तियाम यांना तो मान्य नाही. वडिलांमुळे आपण जन्मापासूनच फ्रेंच, असं त्यांचं म्हणणं. नागरिकत्व 'घेतलं'च नाही, तर दुसरं सुटेल कसं? म्हणून 'कोर्टाच्या मते' हवंच.

उंटावरचा शहाणा: अवांतर: याच पीडीसीआयचे बेदिए राष्ट्राध्यक्ष असताना 'इव्वारिते' हा शब्द गाजला, म्हणजे अस्सल आयव्हरीपण. त्याच काट्याने विरोधी नेते वातारांना २००० च्या निवडणुकीतून बाहेर ठेवलं गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये वातारा चौथ्यांदा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, आणि बाहेर राहिले ते तियाम. आमच्याकडे भूमिपुत्र म्हणतात तो शब्द याच्या शेजारी ठेवून बघा.

शब्दवेडी: 'भूमिपुत्र'वर घसरलो तर धागा हातचा जाईल. वाक्य असं ठेवते: "कोर्टाच्या मते मायदेशाचे नागरिकत्व १९८७ मध्येच सुटले होते, फ्रेंच नागरिकत्व मात्र त्यांनी २०२५ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता यावी म्हणून, स्वतःहून सोडले."

टोरांटोकर: झकास. पण आयव्हरी कोस्ट की फ्रेंचमधलं कोत दिव्वार? नावाचं भाषांतर करू नका, असं त्यांच्या सरकारनेच १९८० च्या दशकात सांगितलंय.

शब्दवेडी: आमच्या भूगोलाच्या बाई 'हस्तिदंती किनारा' शिकवायच्या. त्यासाठी वेगळा धागा काढा.