भारतीय फुटबॉल संघ : पाहिलेले आणि ऐकलेले सामने (अनुभव धागा)

क्रिकेटचा सामना मैदानात बसून पाहिलेला माणूस आपल्याकडे घरोघरी सापडतो. भारताच्या फुटबॉल संघाचा सामना पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागतो. असे जे कोणी असतील त्यांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे. सामना स्वतः पाहिलेला असावा किंवा घरातल्या कोणी पाहून सांगितलेला असावा, एवढीच अट आहे.

सुरुवात मीच करतो, आणि तीही अट मोडून. शाळेत खेळाच्या सरांनी आम्हाला सांगितले होते की, अनवाणी खेळू देणार नाही असे म्हटल्यामुळे भारत १९५० च्या ब्राझीलमधील विश्वचषकाला गेला नाही. ही गोष्ट मी पुढे वीस वर्षे मोठ्या अभिमानाने लोकांना ऐकवत होतो. वाचन वाढल्यावर कळले की, पात्रता फेरीतील प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्यामुळे आपल्याला न खेळताच प्रवेश मिळाला होता, इटली, स्वीडन आणि पराग्वे यांच्याबरोबर गटही ठरला होता, आणि महासंघाने न जाण्याचे कारण दिले ते संघनिवडीवरील मतभेद आणि अपुरा सराव हे होते. कर्णधार शैलेन मन्ना यांनी तर नंतर सांगितले की त्या काळी आपल्या मंडळींना ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे महत्त्वच वाटत नव्हते. अनवाणी पायांची गोष्ट खरी आहे ती १९४८ च्या लंडन ऑलिंपिकची. बहुतेक खेळाडू बुटांशिवाय खेळले, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि फ्रान्सने आपल्याला २-१ असे हरवले. सरांना हे सांगायचे राहून गेले.

म्हापशाहून

आमच्या आजोबांची नोकरी मुंबईला होती आणि रोव्हर्स चषक या फुटबॉल स्पर्धेच्या दिवसांत त्यांची संध्याकाळ कूपरेज मैदानावर जात असे. टाटा स्पोर्ट्स क्लबचा नेव्हिल डिसोझा हा त्यांचा आवडता खेळाडू, कारण त्याचे मूळ आमच्या शेजारच्या आसगावचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. आजोबांनी हा सामना अर्थातच पाहिला नव्हता, त्यांना तो वर्तमानपत्रातून कळला. तरी तिसरा गोल कसा झाला हे ते हात हलवून असे दाखवत की, मी लहानपणी त्यांना मेलबर्नला जाऊन आलेले समजत होतो.

हंगेरीने माघार घेतल्याने पहिली फेरी आपल्याला खेळावी लागली नव्हती, म्हणजे एकाच विजयावर आपण उपांत्य फेरीत पोहोचलो, हे मोठेपणी मी त्यांना ऐकवले. त्यावर ते म्हणाले, "बाबा, चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला दहा गोल मारले होते. त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध उपांत्य सामन्यात पहिला गोल नेव्हिलने केला, तो विसरू नको." तो सामना आपण ४-१ असा हरलो आणि पुढे बल्गेरियाकडून हरून चौथे आलो. चार गोल करून नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत राहिला, हे आजोबांनी मला निदान शंभर वेळा सांगितले असेल.

हैदराबादहून

वरच्या अनुभवात प्रशिक्षकाचे नाव आले नाही म्हणून हे दोन शब्द. ते होते आमच्या हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. माझे वडील त्यांना 'रहीमसाहेब' म्हणत आणि १९६२ च्या जकार्तातील आशियाई स्पर्धेविषयी नेहमी बोलत. इस्रायल आणि तैवान यांना बोलावले नाही यावर भारतीय प्रतिनिधीने आक्षेप घेतल्याने वाद झाला होता, त्यामुळे तिथले प्रेक्षक भारतावर चिडलेले होते. जर्नेल सिंग या बचावपटूच्या डोक्याला टाके पडले, तेव्हा रहीमसाहेबांनी त्याला पुढे आघाडीला खेळवले आणि अंतिम सामन्यात त्याने गोलही केला. दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा. दक्षिण कोरियावर २-१ असा विजय मिळाला. रहीमसाहेब तेव्हा आजारी होते आणि पुढच्याच वर्षी कर्करोगाने गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळालेले नाही.

अंधेरीहून

माझा अनुभव २०१८ चा आहे आणि तो दोन सामन्यांचा मिळून एक आहे. १ जूनला मी कार्यालयातून थेट अंधेरीच्या मैदानावर गेलो. भारताने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) ५-० असे हरवले, सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि हे सारे पाहायला आम्ही २,५६९ माणसे होतो. माझ्या रांगेत मी, एक वडील-मुलगी आणि झोपलेला एक गृहस्थ एवढेच होतो. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून हात जोडून लोकांना मैदानावर येण्याची विनंती केली. हवे तर आम्हाला शिव्या द्या, पण येऊन द्या, अशा अर्थाचे त्याचे बोलणे होते.

४ जूनला केनियाविरुद्धचा सामना हा त्याचा शंभरावा. तिकिटे संपली होती आणि पाऊस असा कोसळत होता की पूर्वार्धात चेंडू पाण्यात अडून राहत होता. उत्तरार्धात छेत्रीचे दोन आणि जेजेचा एक, असे तीन गोल झाले. छत्र्या मिटवून लोक भिजत उभे होते. मला आनंद झाला, हे खरेच. पण तीन दिवसांपूर्वीच्या माझ्या रांगेतल्या त्या वडील-मुलीला मी गर्दीत शोधत राहिलो, आणि ती दिसली नाहीत.

कोल्हापूरहून

अंधेरीकरांना नम्रपणे सांगतो, प्रेक्षक नाहीत असे म्हणू नये. आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा इथल्या फुटबॉल संघांचा सामना असला की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. कमी पडते ती तालमीपासून देशाच्या संघापर्यंतची वाट. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आमचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला तेव्हा त्या वाटेवरचे एक पाऊल आम्हाला दिसले. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातील भारताचा पहिलाच गोल होता. आम्ही तो पडद्यावर पाहिला आणि कोलंबियाने लगेच दुसरा गोल करेपर्यंतचा थोडा वेळ गल्लीत फटाके वाजले.

शारजाहून

जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषकाचे सामने आमच्या दारात झाले. अबू धाबीला थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला त्या रात्री मल्याळी, बंगाली, मराठी असे सगळे एकाच रंगात होतो. शेवटचा सामना शारजात बहरीनशी होता आणि बरोबरी झाली असती तरी बाद फेरी गाठता आली असती. नव्वद मिनिटे गोल झाला नाही. भरपाई वेळेत पेनल्टी दिली गेली आणि ०-१. माझ्या शेजारच्या खोलीतला सहकारी परतीच्या बसमध्ये एकही शब्द बोलला नाही, आणि घरी पोहोचेपर्यंत प्रशिक्षकांनी राजीनामा दिल्याची बातमी आली होती.

मडगावहून

१४ ऑक्टोबर २०२५, फातोर्डा. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत सिंगापूरविरुद्ध जिंकणे भागच होते. छांगतेने सुरुवातीलाच लांबून अप्रतिम गोल केला आणि मी भाच्याला खांद्यावर घेतले. मध्यंतरापूर्वी बरोबरी झाली, उत्तरार्धात दुसरा गोल बसला, आणि सौदी अरेबियातील २०२७ चा आशियाई चषक हातचा गेला. भाच्याने विचारले, "मामा, आता पुढचा सामना कधी?" मी सांगितले, नोव्हेंबरात, ढाक्याला, बांगलादेशविरुद्ध. तो आम्ही घरी मोबाइलवर पाहिला. तोही ०-१ असा हरलो.