साशिकोच्या गोल लटकनांना चुण्या पडतात, पाकळ्याही जुळत नाहीत

ओटल्यावरची_सुई (इंदूर)
दिवाळीच्या तोरणासाठी साशिकोची (जपानी धावदोऱ्याचं भरतकाम) बारा गोल लटकनं करायची आहेत, तयार माप ७ सेमी. गडद निळं पॉपलिन घेतलंय, नमुना शिप्पो, म्हणजे एकमेकांत गुंतलेली वर्तुळं, ती छेदतात तिथे पाकळ्या होतात. दोरा सहा पदरी कशिद्याचा, सहाही पदर एकत्र. कापड आधी गोल कापते आणि छोट्या रिंगेत ताणून भरते. रिंग काढली की मधलं कापड आक्रसतं आणि गोलाचा बटाटा होतो. पाकळ्यांची टोकं जिथे मिळतात तिथे दोऱ्यांचा गोळा दिसतो. जपानी दोरा मागवायला महाग पडतो. इथल्या सामानात काय बसेल?

निळी_खादी
ताई, आधी रिंग बाजूला ठेवा. रिंगेत सुई वर-खाली करत एकेक टाका ओढावा लागतो, आणि प्रत्येक टाका थोडा जास्तच ओढला जातो. साशिकोत कापड हातात सैल धरून सुईवर चार-सहा टाके चढवतात आणि दोरा एकदम ओढतात. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: शिवलेली ओळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून सुरुवातीपासून टोकापर्यंत निपटायची. कापड सरळ होतं, दोऱ्याला लागेल तेवढी ढील मिळते. हे दर ओढीनंतर करायचं, सगळं भरून झाल्यावर नाही. गोधडी घालणाऱ्या हाताला दोरा खेचायची सवय असते. तिथे सुरकुती शोभते, इथे नाही.

ओळ संपवून दुसऱ्या ओळीवर जाताना मागे २-३ मिमीचा सैल फासा सोडा. उडी दोनेक सेमीपेक्षा मोठी असेल तर दोरा तोडून नव्याने सुरू करा.

पॉपलिनची वीण घट्ट, त्यातून जाड दोरा जाताना शेजारचे धागे सरकतात आणि तेवढ्यानेही चुणी पडते. केसमेंट (जाडसर सुती कापड) किंवा मध्यम जाडीची खादी घ्या, खाली एक थर मलमल. सीतलामाता बाजारात दोन्ही मिळायला अडचण नाही. ९० सेमी पन्ह्यात १२ सेमीचे सात चौकोन बसतात. बारा लटकनांना पुढचे-मागचे मिळून २४ लागतील, म्हणजे चार ओळी, ४८ सेमी. धुतल्यावर आटेल म्हणून ६० सेमी घ्या. मलमल फक्त पुढच्या बाराला, म्हणून ३० सेमी पुरे. दोन्ही आधी धुवा. खळ जायला हवी आणि निळा रंग सुटतोय का तेही कळेल. ओलं पांढरं फडकं घासून रंग लागला तर पुन्हा धुवा, नाहीतर पांढरा दोरा आभाळी होईल.

दोरा: पर्ल कॉटन (पिळाचा भरतकामाचा दोरा) ८ नंबर, एकेरी. सहा पदरी दोऱ्याचे पदर एकमेकांना पिळलेले नसतात, म्हणून टाका पसरट दिसतो आणि पदर मागेपुढे होतात. सुई रफूची, लांब, मोठ्या नाक्याची.

आता पाकळ्या. १ सेमीची चौकट आखा. बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या घरांसारखं एकाआड एक छेदबिंदूवर कंपासचं टोक ठेवून १ सेमी त्रिज्येची वर्तुळं काढा. पाकळीची एक कड सुमारे १५.७ मिमी येते. वर ३ मिमी, खाली २ मिमी या मापाने तिच्यात बरोबर तीन टाके बसतात, दोन्ही टोकांना मिलिमीटरभर जागा सोडून. ती जागा महत्त्वाची. चारही बाजूंचे टाके सांध्याच्या अलीकडे थांबले पाहिजेत, सांध्यावरून दोरा फक्त मागून जातो. तुमचा गोळा तिथेच होतोय.

वर्तुळ-वर्तुळ शिवू नका. कर्णाच्या दिशेने लाटेसारखं जा: एका पाकळीची वरची कड, पुढच्या पाकळीची खालची. परतताना उरलेल्या कडा. मग दुसरा कर्ण.

आणि कापड गोल कापायचं ते सगळ्यात शेवटी. चौकोनावर ७ सेमीचं वर्तुळ आखून ठेवा, ओळी त्याच्या बाहेर ४-५ मिमीपर्यंत न्या. दोऱ्याची टोकं शिवणीत दाबली जातात, गाठ मारावीच लागत नाही.

चौकट_पाच_मिमी
वरचं सगळं बरोबर, पण सुरुवातीला शिप्पो कशाला? ५ मिमीच्या चौकटीवर जूजी करा. आधी सगळ्या आडव्या ओळी, मग उभ्या, प्रत्येक उभा टाका आडव्याच्या मधोमध. अधिकचं चिन्ह तयार होतं. वळण नाही, लांब सुई सरळ पळते. लटकनही गोलाऐवजी ६ सेमीचं चौकोनी करा, एका कोपऱ्यावर टांगलं की छान दिसतं.

ओटल्यावरची_सुई (इंदूर)
तोरणाचा पट्टा आधीच गोलांच्या मापाने केलाय, म्हणून शिप्पोच. इस्त्रीने पुसला जाणारा पेन चालेल का? आणि आत कापूस की दुसरं काही?

निळी_खादी
तो पेन गडद कापडावर नको. शाई जाते, पण फिकट पांढरा माग राहतो, आणि थंडीत रेघ परत उमटू शकते. शिंप्याची पांढरी खडू-पेन्सिल किंवा साबणाची झिजलेली पातळ चकती वापरा. टाके झाले की आधी खुणा धुवा, मग टॉवेलवर उलटं ठेवून इस्त्री.

शिवणघर
जोडणीचं मी सांगते. पुढचा-मागचा भाग सुलट बाजू आत ठेवा, धुताना रेघ गेलेली असते म्हणून उलट बाजूला ७ सेमीचं वर्तुळ पुन्हा आखा आणि त्या रेघेवर उलटी टीप घाला, ३ सेमी तोंड उघडं ठेवा. टांगायची दोरी १० सेमी, दुमडून, फासा आत आणि टोकं बाहेर अशी तोंडाच्या समोरच्या बाजूला शिवणीत घ्या. मगच ७ मिमी माया (टिपेबाहेरचं कापड) ठेवून कापा आणि मायेला दर सेंटिमीटरला त्रिकोणी खाच द्या, टिपेपासून २ मिमी अलीकडेपर्यंत. खाच न दिल्यास उलटल्यावर काठाला कोपरे येतात, गोल बिघडायचं हे दुसरं कारण.

कापूस धुतला की गोळे होतात. उशीत भरतात तो रेक्रॉन घ्या, चिमटी-चिमटीने, आधी कडेला आणि मग मध्ये. ठासून भरू नका, पुढचे टाके ताणून उघडे पडतात. तोंड बंद करायला साधा शिवणाचा निळा दोरा. पर्ल कॉटनने केलंत तर ते तीन सेमी लांबूनही दिसतात.