गवत नसलेल्या परड्यात कोंबड्या पाळाव्यात का?

फुलेवाडीकर (धागाकर्ता)
घरामागं दहा बाय बारा फुटांचं परडं आहे. एक शेवगा, एक कढीपत्ता, बाकी उघडी माती. गवताची काडी नाही. पोरीच्या हट्टापायी दिवाळीत तीन गावठी तलंगा आणल्या, आता तिन्ही अंड्यावर आहेत. परवा मेहुणे आले आणि म्हणाले, "हिरवळ नसताना कोंबडी ठेवायची म्हणजे तुरुंग झाला. लॉन लावा, नाहीतर गावाकडं सोडा."

माझं म्हणणं असं की कोंबडीला गवत लागत नाही, कोरडी जागा लागते. एवढ्याशा जागेत लॉन लावलं तर तिघी मिळून महिन्याभरात त्याचं खळं करतील. मी निम्म्या परड्यावर पत्रा टाकलाय, खाली वीतभर भाताचं तूस. त्यात मूठभर ज्वारी फेकली की दिवसभर उकरत बसतात. फुटक्या घमेल्यात राख आणि माती ठेवलीय, तिथं लोळून अंग झाडतात. हिरवं म्हणून मेथीच्या काड्या, कोथिंबिरीची देठं आणि शेवग्याचा पाला जुडी बांधून टांगतो. बलक असा केशरी येतो की बघत राहावं. मेहुण्यांनी त्याचंच आम्लेट खाल्लं, पण ते जाऊ दे.

राधानगरी_रोड
मेहुणे बरोबर आहेत. आमच्या कोंबड्या सकाळी डालगं उचललं की बांधावर, गोठ्यात, उकिरड्यावर फिरतात. वाळवी, गांडुळं, किडे, सांडलेलं भात, जे मिळेल ते टिपतात. तिन्हीसांजेला आपल्या पायांनी घरी. तुमच्या तिघी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच दहा बाय बारात. शिटही तिथंच, खाणंही तिथंच. याला पाळणं म्हणत असाल तर म्हणा.

फुलेवाडीकर
दादा, तुमच्याच यादीत गवत कुठं आहे? उकिरडा आहे, गोठा आहे. उकिरड्यावर लॉन कुणी बघितलंय? माझं तूस म्हणजे छोटा उकिरडाच की!

भिंतीपलीकडचा
शेजाऱ्याच्या बाजूनं बोलतो, कारण मी तो शेजारी आहे. (तुमचा नव्हे, राजारामपुरीतल्या दुसऱ्या एकाचा.) उन्हाळ्यात कसलाच त्रास नव्हता. मृग लागला आणि वासानं खिडक्या बंद. सांडलेल्या दाण्याला उंदीर, उंदरामागं एक दिवस धामण. धामण बिचारी काही करत नाही, पण हे आईला कोण पटवणार? गवताचं राहू द्या, दाटीच्या गल्लीत कोंबडी नकोच. अंडी दुकानात मिळतात.

शेडवाला
वडिलांचं पोल्ट्रीचं शेड होतं, त्यातलं सांगतो. मी डॉक्टर नाही. वास कोंबडीचा नसतो, ओलीचा असतो. तूस कोरडं असेल तर शिट त्यात सुकते आणि मुरते. मुठीत दाबून गोळा झाला की समजा बिघडलं, वरून कोरडं टाका, खालवर करा. पावसाळ्यात हे रोजचं काम आहे, आणि कोल्हापूरचा पाऊस काय असतो ते वेगळं सांगायला नको.

खरी भीती कॉक्सिडिओसिसची, म्हणजे आतड्यातल्या परजीवीच्या रोगाची. शिटेतून पडलेली त्याची बीजं ऊब आणि ओल मिळाली की तयार होतात. कोंबडी मरगळते, रक्ताळ हगवण लागते. ओल्या गवतात तर हे आणखी सोपं, त्यामुळं छोट्या जागेत लॉन म्हणजे पायावर धोंडा. इथं मी धागाकर्त्याच्या बाजूनं.

पण भावा, तू राणीखेतच्या लसीचं काहीच बोलला नाहीस. मानमोडी म्हणतात ती हीच, उपचार नाही. शहरात आहे म्हणून येत नाही असं नसतं. लसीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून तीन कोंबड्यांचा मालक टाळाटाळ करतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार, आसपासचे चारजण एकत्र जा. शिंपल्याचा चुरा देतोस ना? नुसत्या ज्वारीवर अंड्याचं कवच पातळ होतं.

फुलेवाडीकर
शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत असतो. शिवाय लेअरचं (अंड्यावरच्या कोंबडीचं) खाद्य, तिघींना महिन्याला दहा किलोच्या आसपास. लसीचं मात्र चुकलंय, कबूल.

पंचगंगेकाठची
माझ्याकडं चार होत्या, परडं सगळं फरशीचं. २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा पोत्याचं तोंड सैल बांधून वर नेल्या. गवत असतं तरी काय करणार होते? मला महापुरानं नाही, मुंगसानं रडवलं. मोठ्या भोकांच्या जाळीतून आत आलं आणि एका रात्रीत दोन गेल्या. बारीक जाळी लावा, आणि ती जमिनीत वीतभर गाडा.

तुसाला पैसे का घालवता? गुऱ्हाळावरून चिपाड आणा.

शेडवाला
ताई, चिपाड वाळलेलं असेल तरच. भिजून बुरशी धरलेलं टाकलंत तर कोंबडीच्या फुप्फुसाला बाधतं. प्लायवूड कापलेला भुसाही नको.

राधानगरी_रोड
एवढी उस्तवार तीन कोंबड्यांसाठी? आमच्याकडं त्या स्वतःचं बघतात.

पंचगंगेकाठची
आणि दरवर्षी कोल्हा किती नेतो, तेही सांगा की.

राधानगरी_रोड
नेतो. पण तोवर तरी ती कोंबडी कोंबडीसारखी जगते. माझं मत बदललेलं नाही.

फुलेवाडीकर
बरं, रविवारी जाळी बदलतो. आता खरी अडचण. कालपासून एक खुडूक झालीय, उठायला तयार नाही. पोरगी म्हणते तिच्याखाली अंडी ठेवू, पिल्लं बघायचीत.

भिंतीपलीकडचा
कोंबडा नाही, तर त्या अंड्यांतून काय निघणार?

फुलेवाडीकर
गावाकडनं फळलेली अंडी आणायचं ठरलंय तिचं.

शेडवाला
निम्मे नर निघतील. पहाटे चार वाजता आरवायला लागले की गल्ली तुझ्या दारात. मग एकच वाट उरते, तांबडा नाहीतर पांढरा रस्सा.

फुलेवाडीकर
हे पोरीला कोण सांगणार, तेवढं सांगा.