मदत हवी आहे : बायपास ऑइल फिल्टरची रिटर्न लाइन कुठे द्यावी?

नमस्कार मंडळी. ऑइल बदलून दोन दिवस होत नाहीत तोच डिपस्टिक काळीकुट्ट. डिझेलची काजळीच ती, नवल नाही. पण इंजिन अजून बरीच वर्षं चालवायचंय, म्हणून बायपास फिल्टर बसवायला घेतलाय. मूळ फिल्टरमधून सगळं ऑइल जातं, त्यामुळे तो फार बारीक ठेवता येत नाही. बायपासमधून थोडंच ऑइल सावकाश जातं, म्हणून तो २-३ मायक्रॉनचा कचराही धरतो, एवढं कळलंय.

ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून फिल्टरकडे जाणारा फीड घेतलाय. घोडं अडलंय रिटर्नवर, म्हणजे गाळलेलं ऑइल इंजिनात परत कुठून सोडायचं यावर. चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला) भोक पाडायचं तर तो उतरवणं आलं. तसंच ड्रिल मारलं तर लोखंडाचा कीस आत. ऑइल भरायच्या झाकणातून परत सोडलं तर चालेल का? मेकॅनिक म्हणतो चालतं, पण तो प्रत्येक गोष्टीला तेच म्हणतो.

दुसरं, गरम इंजिन आयडलला असताना प्रेशर पडू नये म्हणून लाइनमध्ये दीड मिलिमीटर छिद्राचा रिस्ट्रिक्टर टाकलाय. फिल्टरच्या बॉडीतही तसंच बारीक छिद्र दिसतंय. दोन्ही ठेवू की एकच? ज्यांनी स्वतः बसवलाय त्यांनी सांगा. आणि होज कुठे घासू नये म्हणून काय केलंत तेही. ती फुटली तर इंजिनच बसेल, याची धास्ती आहे.