किंग यांचा ‘वारसा’ म्हणावा की ‘वसा’? आणि ‘नागरी हक्क’ म्हणजे नेमके कोणते?

पैलतीर

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले नेते मार्टिन लूथर किंग (धाकटे) यांच्या जन्मदिवसानिमित्त सुट्टी असते. तसा कायदा १९८३ साली झाला आणि १९८६ पासून ती पाळली जाऊ लागली. आमच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालय त्यानिमित्त छोटे प्रदर्शन भरवते, आणि मुलांकडे राहायला आलेल्या मराठी आजी-आजोबांसाठी त्याचे माहितीपत्रक मराठीत करण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. मी शीर्षक ‘नागरी हक्कांच्या अहिंसक लढ्याचा वारसा’ असे केले. मजकूर तपासणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी ‘वारसा’ खोडून ‘वसा’ लिहिले. वारसा जमीनजुमल्याचा असतो आणि थोरांचा असतो तो वसा, असे त्यांचे म्हणणे आहे. मी तर लहानपणापासून ‘संतांचा वारसा’, ‘फुले-शाहू-आंबेडकरांचा वारसा’ असेच ऐकत आले आहे. त्यांची दुसरी शंका अशी की ‘नागरी हक्क’ वाचून आजोबांना नगरपालिकेचे नळ आणि रस्त्यावरचे दिवे आठवतील. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

कोशकीटक

‘वारस’ आणि ‘वारसा’ हे अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेले कारभाराचे शब्द आहेत, आणि ‘वसा’शी त्यांचे साम्य केवळ उच्चारापुरते आहे. संस्कृतात या अर्थाचे ‘दाय’ आणि ‘रिक्थ’ असे दोन नेमके शब्द असून भाऊबंद या अर्थाचा ‘दायाद’ मराठीलाही परका नाही. इतकी घरची सामग्री असताना आपण ‘वारसा’वर का अडून बसतो, हे मला समजत नाही. आपण ‘दाय’ वापरावा आणि तळटीप द्यावी.

दुसऱ्या शंकेबाबत त्या बाईंशी मी पूर्ण सहमत आहे. इंग्रजीतल्या एकाच ‘सिव्हिल’चे आपण चार तुकडे केले आहेत. न्यायालयात तो ‘दिवाणी’ होतो, लष्कराच्या विरुद्ध बाजूस ‘मुलकी’, विमान वाहतुकीत ‘नागरी’, आणि कायदेभंगाच्या आधी लागला की चक्क ‘सविनय’. यांपैकी ‘नागरी’ सर्वांत दुबळा आहे, कारण त्यात नागरिक कमी आणि नगर जास्त ऐकू येते. नागरी सुविधा, नागरी सहकारी बँक. किंग यांच्या चळवळीसाठी मी ‘नागरिकत्वाचे हक्क’ सुचवतो.

तलाठ्याची लेक

तळटिपेतून समजावा लागणारा शब्द शीर्षकात घालू नये, त्यामुळे ‘दाय’ मला पटत नाही. पण ‘वारसा’ही तितका निर्धास्त नाही. वडिलांच्या दप्तरात वारस-नोंदीचे अर्ज मी लहानपणापासून पाहिले आहेत. खातेदार गेला की वारसांची नावे फेरफाराने सातबाऱ्यावर चढतात, आणि त्यासाठी वारसाने जन्माला येण्यापलीकडे काहीही केलेले नसते. शिवाय जमिनीबरोबर तिच्यावरचा बोजाही येतो. ‘वारसा’ या शब्दात न कमावलेली मिळकत आणि न काढलेले कर्ज, दोन्ही आहेत.

किंग यांनी स्वतः याच गोष्टीवर बोट ठेवले होते. ४ फेब्रुवारी १९६८ रोजी, म्हणजे हत्येच्या बरोबर दोन महिने आधी, अटलांटामधील आपल्या चर्चमध्ये प्रवचन देताना त्यांनी आपल्या अंत्यविधीत काय बोलावे हे सांगून ठेवले. नोबेल पारितोषिकाचा उल्लेख करू नका, मागे ठेवायला माझ्याकडे पैसा नसेल, ऐषआरामाच्या वस्तू नसतील, मागे ठेवायचे आहे ते एका कामाला वाहिलेले आयुष्य, असा त्याचा आशय होता. ९ एप्रिलला अंत्यविधीत याच प्रवचनाची ध्वनिफीत ऐकवण्यात आली. नोबेलची रक्कम त्यांनी आधीच चळवळीला देऊन टाकली होती. कायद्याच्या अर्थाने वारसा म्हणाल, तर तो वेगळाच चालू राहिला: १९६३च्या वॉशिंग्टनमधील भाषणाच्या प्रताधिकारावरून वारसांनी एका दूरचित्रवाणी कंपनीशी खटला लढवला, आणि २०१४ मध्ये नोबेल पदक व त्यांचे बायबल यांच्या मालकीवरून भावंडेच न्यायालयात गेली. म्हणून किंग यांच्या बाबतीत ‘वारसा’ वापरताना मी तरी अडखळते.

मात्र ‘वसा’ही येथे बसत नाही. श्रावणातल्या कहाण्यांत वसा घेतला जातो. उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. तो घेणाऱ्याचा असतो, ठेवून जाणाऱ्याचा नसतो. ‘किंग यांचा वसा’ म्हटले तर किंग यांनी घेतलेले व्रत असा अर्थ होईल, त्यांनी मागे ठेवलेले काय, हा अर्थ होणार नाही. आपल्या बाईंनी बदल केला खरा, पण त्यासाठी सारे वाक्यच बदलावे लागेल.

महाडकर

‘नागरी’ हा शब्द दुबळा आहे असे कोशकीटक म्हणतात, त्यावर मला मनापासून आक्षेप आहे. शब्दकोशाबाहेर हा शब्द कोठे राहतो तेही पाहावे. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा आपल्याकडे १९५५ साली झाला. १९७६ मध्ये दुरुस्ती होऊन त्याचे नाव ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ असे झाले, आणि त्यात ‘नागरी हक्क’ याची व्याख्याच दिली आहे: संविधानाच्या अनुच्छेद १७ने अस्पृश्यता नष्ट केल्यामुळे व्यक्तीला प्राप्त होणारा कोणताही हक्क. विहीर, पाणवठा, दुकान, खानावळ, देऊळ, दवाखाना, असे सारे त्या कायद्यात आले. आपल्याकडे पोलिसांत नागरी हक्क संरक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि ज्यांना गावातल्या हॉटेलात वेगळ्या कपात चहा मिळाला त्यांना हा शब्द वाचून रस्त्यावरचे दिवे आठवत नाहीत.

त्याच १९५५ सालच्या १ डिसेंबरला अलाबामा राज्यातील माँटगोमेरीत रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला, ५ डिसेंबरला बसवर बहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवस चालला. पाणवठा आणि बसची जागा, खानावळ आणि तिथला काउंटर, हे हक्क एकाच जातीचे आहेत. मराठीत त्यांना तयार शब्द आहे, आणि तो कोणा भाषांतरकाराने घडवलेला नसून चवदार तळ्यापासून चालत आलेल्या लढ्यामुळे त्याला अर्थ आला आहे. ‘नागरिकत्वाचे हक्क’ म्हटले तर मतदान आणि पासपोर्ट एवढेच डोळ्यांपुढे येते. १९६५च्या मताधिकाराच्या कायद्यापुरते ते ठीक आहे, माँटगोमेरीसाठी नाही.

किंग यांनाही हे नाते दाखवून देण्यात आले होते. १९५९ साली ते भारतात महिनाभर होते. तिरुवनंतपुरमजवळच्या एका शाळेत, जिथे पूर्वी अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांतली मुले शिकत होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतून आलेला एक अस्पृश्य बांधव’ अशी करून दिली. प्रथम आपल्याला धक्का बसला आणि थोडा रागही आला, मग आपल्या देशातल्या लाखो माणसांचे जगणे आठवले आणि ‘होय, मी अस्पृश्य आहे’ असे मनाशी म्हटले, असे त्यांनी १९६५च्या प्रवचनात सांगितले आहे.

कोशकीटक

महाडकर यांनी दिलेली कायद्यातली व्याख्या निर्णायक आहे हे मी मान्य करतो, पण ती भारतीय कायद्याची आहे. अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यात वंश आणि वर्णाबरोबर धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून होणारा भेदभावही आला आहे. आपली व्याख्या त्यावर चढवली तर वाचकाला किंग हे अमेरिकेतील अस्पृश्यतानिवारक वाटतील, आणि त्यात मोठा भाग सुटेल. आणखी एक. चवदार तळ्याचा हक्क १९२७ पासून थेट १९३७च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत दिवाणी दाव्यातच लढवला गेला. मग ‘दिवाणी’ला इतके परके का मानावे?

महाडकर

दावा दिवाणी होता हे खरे. तो तळे आमच्या मालकीचे आहे असे म्हणणाऱ्यांनी लावला होता. तळ्यावर गेलेल्यांनी आपल्या कृतीला ‘सत्याग्रह’ म्हटले होते.

सीताबर्डी

सत्याग्रहाचा विषय निघालाच आहे तर ‘वारसा’कडे परत जाण्यासाठी एक नाव सांगतो. जेम्स लॉसन हे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे कृष्णवर्णीय अमेरिकी तरुण कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरती नाकारल्याबद्दल तुरुंगात गेले, आणि सुटल्यावर १९५३ मध्ये नागपुरात आले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. हिस्लॉप महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांत ते काम करीत, खेळ शिकवीत, आणि गांधीजींच्या सहकाऱ्यांना भेटून सत्याग्रह समजून घेत. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी ‘नागपूर टाइम्स’मध्ये वाचली. १९५६ मध्ये ते अमेरिकेत परतले, १९५७ मध्ये ओहायोत त्यांची आणि किंग यांची भेट झाली, आणि शिक्षण पुरे होण्याची वाट न पाहता दक्षिणेत या, असा आग्रह किंग यांनी धरला. लॉसन यांनी नॅशव्हिलमध्ये चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. अर्ध्या विद्यार्थ्यांनी शिव्या द्यायच्या, ढकलायचे, आणि उरलेल्यांनी हात न उचलता बसून राहायचे, अशी तालीम होत असे. फेब्रुवारी १९६० मध्ये ती मुले शहरातल्या दुकानांच्या उपाहारगृहांत गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर जाऊन बसली आणि मे महिन्यात ते काउंटर सर्वांसाठी खुले झाले. पुढे १९६८ मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपासाठी किंग यांना बोलावणारेही लॉसनच.

साबरमतीहून नागपूर, नागपूरहून नॅशव्हिल, हा प्रवास ‘वारसा’त मावत नाही, कारण येथे कोणी कोणाचा वारस नव्हता. ज्याला शिकायचे होते तो शोधत आला आणि घटवून घेऊन गेला. माझ्या मते येथे ‘शिकवण’ हा साधा शब्द योग्य आहे. ‘दीक्षा’ही मनात आला होता, परंतु नागपुरात त्या शब्दाचा अर्थ १४ ऑक्टोबर १९५६ने कायमचा पक्का केलेला आहे आणि तो इतरत्र खर्च करू नये.

तलाठ्याची लेक

‘शिकवण’मध्ये फक्त उपदेश उरतो. पदरात पडलेले कायदे, खुले झालेले काउंटर, बदललेली बस, हे त्यात कोठे आहे? आणि काउंटरवर बसण्याला आपण काय म्हणणार? ‘धरणे’ म्हटले तर पूर्वी सावकार ऋणकोच्या दारात धरणे धरून बसत असे तो प्रकार आठवतो. त्यात काहीतरी वसूल करायचे असते.

सीताबर्डी

वसूल करायचेच होते. वॉशिंग्टनच्या भाषणाच्या आरंभी किंग यांनी दृष्टांत दिला आहे तो न वटलेल्या धनादेशाचाच. आम्ही तो वटवायला राजधानीत आलो आहोत असे ते म्हणतात. तेव्हा ‘धरणे’ अगदी समर्पक आहे.

पैलतीर

सर्वांचे आभार. ‘नागरी हक्क’ मी ठेवते आहे. आता एक नवी अडचण आहे. प्रदर्शनात मेम्फिसच्या संपाचे छायाचित्र आहे, ज्यात प्रत्येक कामगाराच्या हातातल्या फलकावर ‘मी माणूस आहे’ या अर्थाचे चार शब्द आहेत. इंग्रजीतल्या शब्दात ‘माणूस’ही आहे आणि ‘प्रौढ पुरुष’ही, कारण साठीच्या कृष्णवर्णीयालाही ‘पोरा’ म्हणून हाक मारण्याची तिकडे रीत होती. मराठी ‘माणूस’मध्ये हा दुसरा अर्थ हरवतो.

महाडकर

हरवत नाही. ज्या गावांत म्हाताऱ्या माणसाच्या नावाला ‘या’ लावून पाटलाचे पोरगे त्याला अरेतुरे करीत असे, तिथे ‘मी माणूस आहे’चा अर्थ ‘मला नीट हाक मार’ असाच होतो. बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून एप्रिल १९६३ मध्ये लिहिलेल्या पत्रात किंग यांनी अपमानांची जी लांबलचक मालिका एका वाक्यात गुंफली आहे, तिच्यात हेही आहे: वय कितीही असो, तुमचे नाव ‘पोऱ्या’ होते, आणि तुमच्या आईला व पत्नीला आदराचे संबोधन कधीच मिळत नाही.

यावर तर खटला झाला. १९६३ मध्ये अलाबामातील गॅड्सडेनच्या न्यायालयात मेरी हॅमिल्टन या चळवळीतील कार्यकर्तीला सरकारी वकिलाने नुसते ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारला. गोऱ्या साक्षीदारांना जसे आडनावाने आणि आदराने संबोधता तसे मला संबोधेपर्यंत मी उत्तर देणार नाही, असे त्यांनी सांगितले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाच दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड झाला. मार्च १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पैलतीर, हा प्रसंग पत्रकात अवश्य घ्यावा. मराठी आजी-आजोबांना नागरी हक्क म्हणजे काय ते यावरून एका क्षणात कळेल, कारण एकेरी हाकेचे दुखणे मराठीला चांगले ठाऊक आहे.

पैलतीर

घेते. पण मग वकिलाची ती हाक मराठीत कशी लिहावी? ‘मेरी’ एवढेच ठेवले तर मराठी वाचकाला त्यात अपमान दिसणार नाही. आपण मुलींना नावानेच हाक मारतो.

तलाठ्याची लेक

‘मेरे, तुला कोणी अटक केली?’ असे एकेरीत लिहावे, आणि त्यांना हवे होते ते ‘हॅमिल्टनबाई, तुम्हाला’. सर्वनामानेच काम होईल.

कोशकीटक

‘मेरे’ हे संबोधन व्याकरणाने निर्दोष आहे, पण इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेदच नाही. वकिलाच्या तोंडी नसलेले ‘तू’ घालणे म्हणजे साक्षीत फेरफार करणे होय. शिवाय त्यांना हवे असलेले संबोधन अविवाहित स्त्रीचे होते, ते ‘बाई’ने दाखवता येत नाही. ‘कुमारी हॅमिल्टन’ असेच लिहावे.

महाडकर

‘कुमारी’ गुणपत्रिकेवरचा शब्द आहे, न्यायालयात मान राखून कोणी कोणाला ‘कुमारी’ म्हणत नाही. ‘तू’ घातल्याशिवाय तो अपमान मराठीत उतरणार नाही, आणि तो उतरला नाही तर त्या तुरुंगात का गेल्या हेच वाचकाला कळणार नाही. मी ‘हॅमिल्टनबाई’च्या बाजूने आहे.

पैलतीर

दोन्ही पर्याय तपासणाऱ्या बाईंना पाठवते आहे. शीर्षकाचे मात्र अजून ठरलेले नाही; तूर्त त्या जागी ‘वारसा’ आहे.

कोशकीटक

‘दाय’चा पुन्हा एकदा विचार व्हावा.